उजव्या पायाची सात ठिगळे

मी एक जुना लाकडी पाय आहे. नुसता पाय. वर पोटरी नाही, गुडघा नाही, आणि पाय म्हणावे तर मला एकही बोट नाही. घाबरू नका मित्रांनो, मी कोणाचा तुटलेला वगैरे नाही. जिथे माणसाच्या मापाचे बूट हाताने शिवतात, तिथे कातडे ज्याच्यावर ताणून बसवतात, तो लाकडाचा ठोकळा म्हणजे मी. आमच्या धंद्यात मला फर्मा म्हणतात. बूट तयार झाला की मला त्यातून ओढून काढतात. मी रिकाम्या केलेल्या जागेत माणूस पाय घालतो आणि आपल्या वाटेने चालू लागतो. मी स्वतः आयुष्यात एक पाऊलही चाललेलो नाही, पण चालण्याबद्दल माझ्याइतके ऐकलेला दुसरा कोणी तुम्हाला सापडणार नाही.

माझ्या अंगावर सात ठिगळे आहेत. दुकानात आलेली मुले मला पाहून म्हणतात, "ई, हा कसला वाकडा!" आणि त्यांच्या आया म्हणतात, "हात लावू नकोस." म्हणून म्हटले, एकदा ही ठिगळे कशी आली ते सांगून टाकावे.

मला ज्यांनी घडवले त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, बुटांचे. त्यांचे दुकान अरुंद होते, एखाद्या डब्यासारखे लांबोडके. रस्त्याच्या बाजूला एकच मोठी खिडकी. खिडकीखाली त्यांच्या पत्नीचे शिलाई मशीन. त्यांना सगळे बाई म्हणत. बुटाचा वरचा भाग बाई शिवत, तळ आणि टाच मास्तर बसवत, आणि दिवसभर दोघे एकमेकांच्या चुका काढत. भिंतीवर ओळीने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला फर्म्यांची एक जोडी. जोडीला चिठ्ठी बांधलेली असे. चिठ्ठीवर नाव नसायचे, ओळख असायची: 'पाववाले', 'घंटावाल्या आजी', 'दोन नंबरचा जावई'. आमच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'टपालताई'.

टपालताई पहिल्यांदा आली तेव्हा तिला टपाल वाटायची नोकरी नुकतीच लागली होती. अंगात उत्साह मावत नव्हता. मास्तरांनी तिला अनवाणी कागदावर उभे केले, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांभोवती रेघ काढली. कागदाच्या पट्टीने चवड्याचा घेर घेतला. मग म्हणाले, "आता दारापासून मशीनपर्यंत चालून दाखव." ती चालू लागली आणि मास्तर चक्क पोटावर आडवे झाले. गाल जमिनीला टेकवून ते तिची पावले पाहत होते.

"अहो, उठा," बाई म्हणाल्या. "पोरगी घाबरेल. तिला वाटेल म्हाताऱ्याला चक्कर आली."

"तुझा उजवा पाय फार घाई करतो गं," मास्तर खालूनच म्हणाले. "डावा बिचारा मागनं फरपटत येतो."

त्या बोलण्यावरून आम्ही दोघे घडलो. चांगले वाळलेले, गाठ नसलेले लाकूड मास्तरांनी करवतीने कापले, कानशीने घासले, मग काचेच्या तुकड्याने खरवडून इतके गुळगुळीत केले की माशी बसली तर घसरावी. शेवटी तेल चोळले. मी उजवा, तो डावा. मी घाईचा, तो आळशी. एकाच खिळ्याला लटकून आम्ही भांडत असू, जसे जुळे भाऊ भांडतात तसे.

दर वर्षी ताई नवे बूट शिवायला येई. तिची फेरी मोठी होती: बाजार, नदीकाठ, मग एक चढाची गल्ली, जिच्यात घरांपेक्षा पायऱ्याच जास्त, आणि तिच्यानंतर आमची गल्ली. ती आली की मास्तर पहिले वाक्य ठरलेले बोलत. "बस. मोजे काढ."

"मास्तर, माप आहे की तुमच्याकडे," ती हसून म्हणे.

"ते मागच्या वर्षीच्या पायाचं. हा पाय तर मी अजून बघितलेलाच नाही."

हा त्यांचा नियम होता. गिऱ्हाईक कितीही जुने असो, माप दर वेळी नव्याने. सहाव्या की सातव्या वर्षी त्यांनी ताईच्या करंगळीवर बोट ठेवले. चालून चालून तिथे हाड जरा वर आले होते. मास्तरांनी मला खिळ्यावरून काढले, कातड्याचा एक छोटा तुकडा रापीच्या धारेने कडेला पातळ केला, सरस लावला आणि माझ्या अंगावर ठेवून बारीक खिळ्यांनी ठोकला. हे माझे पहिले ठिगळ.

खरे सांगू? मला रडू आले असते, डोळे असते तर. माझे ते गुळगुळीत अंग! डावा तर आठवडाभर हसत होता. "भिकाऱ्याची झोळी," असे त्याने माझे नाव ठेवले. मी मनाशी पक्के ठरवले, हे एक सोसले, पण पुन्हा नाही. मोडेन पण वाकणार नाही.

मित्रांनो, असले निश्चय लाकडाने करू नयेत. माणसांनीही करू नयेत. ते ऐकून कोणीतरी गालात हसते आणि लगेच कामाला लागते.

ताईच्या नोकरीला अकरा वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. चढाच्या गल्लीत कोणीतरी सकाळी पायऱ्या धुतल्या होत्या. ताई सही घ्यायचे पत्र घेऊन वर गेली आणि परत येताना घसरली. उजवा पाय घोट्यात आणि तळव्यात मोडला. ही बातमी दुकानात पाववाल्यांनी आणली. मास्तर हातातली टोचायची आरी खाली ठेवून बसून राहिले. बाईंचे मशीनही थांबले. पुढचे चार महिने आमच्या गल्लीत टपाल आणणारा दुसराच कोणी होता, आणि तो प्रत्येक पाकीट शेजारच्या दारात टाकत असे.

मग एके दिवशी ताई आली. हातात काठी. उजव्या पायात रबरी सपात, तिची बाजू कात्रीने कापून मोठी केलेली. पायावर जाड लोकरीचा मोजा, उन्हाळा असूनही.

"मास्तर, बूट हवेत. आधीच्यासारखेच. पंधरा दिवसांत."

"इतकी घाई?"

तिने सांगितले ते असे. टपाल कचेरीच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावून घेतले होते. फेरी परत हवी असेल तर तिने ती पूर्ण फेरी साहेबांच्या देखत, ठरलेल्या वेळात चालून दाखवायची. दोन संधी. जमले तर फेरी तिची. नाही जमले तर आत बसून पाकिटांवर शिक्के मारायचे, निवृत्तीपर्यंत.

"शिक्के मारणं वाईट नाही गं," बाई म्हणाल्या. "सावलीतलं काम."

"वाईट नाही काकू. पण मला तिथं बसवलं ना, तर मीच एक पाकीट होऊन जाईन. पत्ता नसलेलं." ती हसली, पण काठीवरची तिची मूठ घट्ट झाली होती.

"बस. मोजा काढ," मास्तर म्हणाले.

ताई बसली नाही. "मोजा कशाला? माप आहे की. तो काय, भिंतीवर लटकलाय." तिने माझ्याकडे बोट दाखवले. "त्याच्यावरच शिवा. सूज उतरली की माझा पाय पहिल्यासारखा होणारे. डॉक्टर म्हणालेत."

"असं म्हणाले?" बाईंनी विचारले.

"म्हणजे... होऊ शकतो म्हणाले."

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. ती त्यांना लेकीसारखी होती, आणि लेकीचा चेहरा उतरू नये म्हणून शहाणा माणूसही कसा मूर्खपणा करतो ते मी त्या दिवशी पाहिले. ते म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर तसं."

"अहो, पाय बघा आधी."

"अगं, तिला बरं वाटू दे ना."

बाई मशीनकडे वळल्या. त्या दिवशी मशीन मात्र फार मोठ्याने चालले.

आणि मी? मित्रांनो, मला लाज वाटते सांगायला, पण मी फुललो. माझ्यावर बोट ठेवून तिने सांगितले होते, हाच! माझे जुने अंग, माझा जुना डौल, काहीही बदलायचे नाही. मी डाव्याला म्हणालो, "बघितलंस? शेवटी पायालाच माझ्यासारखं व्हावं लागणार." मास्तरांनी माझ्यावर उत्तम कातडे ताणले. पकडीने ओढून, खिळे मारून, मेण लावलेल्या दोऱ्याने दाट टाके घालून असा बूट झाला की रस्त्यावरची माणसे खिडकीशी थांबून पाहू लागली.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून मास्तर खिडकीत होते. फेरीप्रमाणे ताई साडेदहाला आमच्या गल्लीत यायला हवी. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. बाई म्हणाल्या, "बाजारात गर्दी असेल." अकरा वाजले. ती आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती पिशवीत बूट घेऊन आली. ते तिने बाकावर ठेवले. बाहेरून अजून नव्यासारखे चमकत होते. उजव्याच्या आत अस्तराला वाळलेल्या रक्ताचा डाग होता.

"चढाच्या गल्लीत निम्म्या पायऱ्या झाल्या," ती म्हणाली. "पुढं पाय उचलेचना. खाली बसले. साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि माझ्या शेजारी उभे राहिले. काही बोललेसुद्धा नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं."

मास्तरांनी बूट हातात घेतला, आत बोटे घातली, उलटसुलट पाहिला.

"बूट चांगला झालाय," ते हळूच म्हणाले. "तुझा नाही झाला, एवढंच. चूक माझी. चाळीस वर्षं लोकांना मोजे काढायला लावतो आणि नेमकं तुझ्या वेळी लाकडावर भरवसा ठेवला. पायाला विचारलंच नाही."

खिळ्यावर लटकलेला मी ते ऐकत होतो. तो डाग माझ्यामुळे पडला होता. त्या बुटातली जागा माझी होती, तिची नव्हतीच. डाव्यानेसुद्धा त्या दिवशी मला झोळी म्हटले नाही.

ताईने मोज्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "काकू, मी स्वतः तरी कुठं बघितलाय नीट? आंघोळीच्या वेळी वर छताकडे बघते. आमच्या छताला किती कोळिष्टकं आहेत ते विचारा, सगळी पाठ आहेत."

बाई उठल्या. आपल्या गुडघ्यांना एक शिवी देऊन तिच्यासमोर खाली बसल्या. "चल, दोघी मिळून बघू. एकटीनं बघायची गोष्ट नाही ती."

मोजा निघाला. पाय वाकडा बसला होता. टाच आतल्या बाजूला कललेली, अंगठ्याचा सांधा सुपारीसारखा वर आलेला, घोट्याखाली लांब व्रण. मग बाईंनी तो पाय आपल्या तळहातावर घेतला, जसे आपण चिमणीचे पिल्लू घेतो, आणि म्हणाल्या, "हात्तिच्या! एवढाच होय? मला वाटलं तू काय सुसर लपवून ठेवलीयेस."

ताई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. किंवा पाणी आधी आले असेल, मला खिळ्यावरून नीट दिसले नाही.

मास्तरांनी नवा कागद पसरला. ती त्यावर उभी राहिली. पेन्सिल पायाभोवती फिरली, आणि जिथे जिथे पाय बदलला होता तिथे मास्तर थांबून विचारत, "इथं दुखतं? इथं?" मग त्यांनी पेटीतून जुना कागद काढून शेजारी ठेवला. दोन उजवे पाय. एक सरळ, एक वाकडा.

"हा माझा, आणि हाही माझाच?" ताईने विचारले.

"दोन्ही तुझेच. पण साहेबांसमोर कुठल्या पायानं चालायचंय तेवढं सांग."

तिने वाकड्या रेघेवर बोट ठेवले. त्या क्षणी मास्तरांनी मला खिळ्यावरून काढले.

दुसऱ्या परीक्षेला वीस दिवस होते. बाई म्हणाल्या, "नवा फर्मा करा." मास्तर म्हणाले, "नको. नवं लाकूड मिळेल, पण अकरा वर्षं तिची चाल कुठून आणू? ती ह्याच्यात आहे." अशी स्तुती माझी कोणी कधी केली नव्हती. ती ऐकतो न ऐकतो तोच त्यांनी मला चिमट्यात आवळले आणि टाचेच्या आतल्या बाजूवर कानस चालवली. भुसा उडाला. मित्रांनो, तो भुसा मी होतो! ज्या गुळगुळीत अंगाचा मला गर्व, ते माझ्यासमोरच जमिनीवर पडत होते आणि बाई ते केरसुणीने लोटत होत्या.

मग ठिगळे. अंगठ्याच्या सांध्यावर एक. पायाच्या पाठीवर एकावर एक दोन. बाहेरच्या कडेला एक लांबट. टाचेमागे एक, तेही तीनदा काढून तीनदा लावलेले. पाहिलेत, ही पाच, पहिले धरून सहा झाली. मास्तरांनी आधी टाकाऊ कातड्याचा कच्चा बूट केला आणि तो घालून ताई दारापासून मशीनपर्यंत चालली. मास्तर पुन्हा पोटावर.

"घोट्यापाशी कुणीतरी दार ठोठावतंय," ताई म्हणे.

"आणि अंगठ्याला?"

"अंगठा घरीच आहे. पण करंगळी दुसऱ्यांच्या घरात शिरलीये."

असे ती म्हणाली की मला परत चिमट्यात घालायचे, इथे कमी, तिथे जास्त. असे चार वेळा झाले. मोडलेला पाय दुसऱ्यापेक्षा अंगठ्याच्या रुंदीइतका आखूड झाला होता, म्हणून टाचेखाली बुचाच्या लाकडाची उंची बसवली. चौथ्या खेपेला ताई दारातून निघाली, मशीनपाशी पोचली, वळली आणि परत आली. कोणाचे दार कोणी ठोठावत नव्हते.

"उजव्याची घाई गेली गं," मास्तर जमिनीवरून म्हणाले.

"मग आता वेळेत कशी पोचणार मी?"

"ते मला काय ठाऊक! मी बूट शिवतो, घड्याळं नाही."

ताईने स्वतःच ते शोधून काढले. राहिलेले दिवस ती रोज काठी न घेता चालली, पहिल्या दिवशी फक्त बाजार, मग त्यापुढे नदीकाठ. पूर्वी ती चढाच्या गल्लीत धावत वर जाई आणि वर पोचल्यावर पिशवीत पाकिटे धुंडाळत उभी राही. आता तिने पाकिटे निघण्यापूर्वीच पायऱ्यांच्या क्रमाने लावायची सवय केली. पाय सावकाश, हात तयार. मला हे कसे कळले म्हणता? रोज संध्याकाळी ती दुकानात येऊन बाईंना सगळे सांगे आणि मी ऐकत असे. दुसरे काम काय होते मला?

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी मला खिडकीच्या फळीवर ठेवले. "बघू दे त्यालाही," असे ते बाईंना म्हणाले. दहा वाजता त्यांनी हातोडी उचलली आणि पहिला घाव स्वतःच्या अंगठ्यावर घातला. सव्वादहाला बाईंनी एकाच शिवणीवर तीन वेळा शिवले आणि उसवले. साडेदहा झाले. गल्लीच्या टोकाला कोणी नव्हते. मी फळीवर उभा राहून मनात म्हणत होतो, माझा आणखी भुसा करा, हवी तेवढी ठिगळे मारा, पण ती येऊ दे.

दहा चौतीसला गल्लीच्या टोकाला खाकी पिशवी दिसली.

ती चालत होती. पूर्वीसारखी मुळीच नाही. जरा झुलत, नाव लाटेवर झुलते तशी, पण एकाच लयीत. एक पाऊल, एक दार, एक पाकीट. मागून वीस पावलांवर मोठे साहेब येत होते. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात रुमाल, आणि त्यांची चाल पाहून बाईंनी तोंडावर पदर घेतला. साहेब लंगडत होते! त्यांचे चकचकीत तयार बूट त्यांना चढाच्या गल्लीपासून चावत होते.

ताई आमच्या दाराशी आली. थांबली नाही, थांबायची परवानगी नव्हती. "टपाल!" असे म्हणून तिने मास्तरांच्या हातात एक पाकीट दिले, फळीवर मला पाहिले, आणि पुढे गेली. साहेब मात्र थांबले. चौकटीला टेकून त्यांनी एक पाय वर उचलला आणि दबक्या आवाजात विचारले, "मास्तर, तिचे बूट तुम्हीच शिवलेत का हो?"

"होय साहेब."

"पाठवा मला... नाही, मीच येतो. उद्या येतो. आई गं."

पुढच्या सपाट रस्त्यावर मागे पडलेली चार मिनिटे भरून काढून ताईने फेरी दोन मिनिटे राखून पूर्ण केली. साहेब त्यानंतर अकरा मिनिटांनी कचेरीत पोचले, त्यामुळे तिची वेळ त्यांनी तिलाच विचारून लिहिली, असे पाववाले सांगत. पाववाले जरा वाढवूनच सांगतात. पण पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या खिळ्याला नवी जोडी लटकली, आणि तिच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'घड्याळवाले'. त्यांनाही मास्तरांनी आधी मोजे काढायला लावले.

त्यानंतर खूप वर्षे गेली. दुकाना-दुकानांत तयार बूट आले, स्वस्त आणि रंगीत. मापाचे बूट शिवायला येणारी माणसे कमी झाली. मास्तरांना जवळचे दिसेनासे झाले, बाईंच्या गुडघ्यांना आता रोज शिव्या बसू लागल्या. ताईचे ते बूट मजबूत निघाले. ती नुसते तळ बदलून नेई. आमच्या अंगावर धूळ साचली. माझ्या डोक्यातल्या आकडा अडकवायच्या भोकात एका कोळ्याने संसार थाटला. पुढे दुकानाचे दार आपोआप बंद व्हायला लागले, तेव्हा बाईंनी मला उचलून दाराखाली सरकवले. डावा वरून म्हणाला, "काय रे झोळी, बढती झाली वाटतं?"

पूर्वीचा मी असतो तर झुरलो असतो. पण एकदा बदलून पाहिले की दुसऱ्यांदा तेवढे भय वाटत नाही. दाराशी पडल्या पडल्या मला हजारो पाय जवळून दिसले. लहान मुलांचे उड्या मारणारे, म्हाताऱ्यांचे विचार करून पडणारे, नव्या सुनेचे दबकत येणारे. भिंतीवर लटकून हे कधी दिसले असते का? आणि दार उघडे धरणे हेही कामच आहे की.

मागच्या महिन्यात त्या उघड्या दारातून एक ओळखीची चाल आत आली. झुलती, एकाच लयीत. ताईचे केस पांढरे झाले होते. नोकरी संपून आठ दिवस झाले होते.

"मास्तर, बूट हवेत. आता मला टपाल न घेता तीच फेरी करायचीये. इतकी वर्षं प्रत्येक दाराशी नुसतं पाकीट दिलं, आता सगळीकडे चहा पिणारे."

मास्तर खिळ्याकडे चाचपडत म्हणाले, "तुझं माप आहे गं माझ्याकडे. डोळे आता... तेच धरू या का?"

ताई तोवर स्टुलावर बसली होती. तिने दोन्ही मोजे काढले, कागद स्वतःच पसरला आणि त्यावर उभी राहिली.

"ते मागच्या वेळच्या पायाचं मास्तर," ती म्हणाली. "हे पाय तुम्ही अजून बघितलेले नाहीत. पेन्सिल मी धरते, तुम्ही फक्त बोटांनी सांगा."

आणि मास्तर, ऐंशीच्या घरातले मास्तर, काय केले असेल त्यांनी? गाल जमिनीला टेकवून आडवे झाले. बाई ओरडल्या, "अहो, आता उठवणार कोण तुम्हाला?"

मला दाराखालून काढले, झटकले, तेल चोळले. कोळ्याला सन्मानाने खिडकीत हलवले. अंगठ्याच्या सांध्यावर आणखी एक पातळ तुकडा बसला. ते सातवे ठिगळ.

तर मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. बूट ओले झाले तर वाळवा, फाटले तर शिवून घ्या, आणि ठिगळ पाहून कोणाला नाक मुरडू नका, मग तो फर्मा असो की माणूस. आपल्यातले काही बदलले, मोडले, वाकडे झाले, तर त्यावर मोजा चढवून छताकडे पाहत बसू नका. एकट्याने पाहवत नसेल तर कोणाला तरी शेजारी बसवा. पण पाहा, आणि नव्याने माप घ्या. त्यानंतर चालता येते.

एक सांगायचे राहिलेच. त्या दिवशी मास्तरांची बोटे ताईच्या डाव्या पायावरही फिरली आणि करंगळीपाशी थांबली. इतकी वर्षे उजव्याचा भार उचलून तिथेही हाड वर आले होते. बाईंनी डाव्याला खिळ्यावरून काढले, कातड्याचा तुकडा कापला, सरस लावला. जन्मभर माझ्यावर हसलेला माझा भाऊ चिमट्यात माझ्या शेजारी उभा होता, अजून गुळगुळीत, आणि हातोडी वर गेली होती.

"ए झोळी," तो हळूच म्हणाला. "दुखतं का रे?"

"खिळा आत जाताना जरा," मी म्हणालो. "मी आहे ना इथं."